बर्फ धरत नाही तेव्हा

मासेमारीचा हंगाम १ ऑगस्टला सुरू होतो, असं सरकारी कागद सांगतो. किनाऱ्यावर तो त्याच्या काही दिवस आधी सुरू झालेला असतो, आणि तोही बर्फाच्या कारखान्यात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत थंडावलेल्या टाकीतलं खारं पाणी पुन्हा ढवळायला लागतं, गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे त्यात उतरतात, अमोनियाचा कॉम्प्रेसर धडधडू लागतो. नौका बंदरातून निघते तेव्हा तिच्या पोटात मासे नसतात, बर्फ असतो. डिझेल, पाणी, शिधा आणि बर्फ भरल्याशिवाय तांडेल नांगर उचलत नाही. पहाटे जाऊन दुपारी परतणारी होडी थोडक्या बर्फावर भागवते. चार-चार दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरला मात्र तो टनांनी लागतो.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा लाभला आहे. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे त्याचे तीन किनारी तालुके. विजयदुर्गपासून शिरोड्यापर्यंत, मध्ये आचरा, तळाशील, सर्जेकोट, दांडी, देवबाग, निवती अशी मच्छीमारांची गावं. या गावांतून निघालेला बांगडा गोव्यात, कोल्हापुरात, बेळगावात ताजा म्हणून विकला जातो, त्यामागे बर्फाची एक अखंड साखळी असते. तिची पहिली कडी म्हणजे कारखान्यातली ती टाकी. ऐन हंगामात एखाद्या सकाळी डबे वर काढले आणि लादीच्या पोटात पाणीच हिंदकळताना दिसलं, की कारखान्यात एकच वाक्य फिरतं: बर्फ धरत नाही.

तो का धरत नाही, हे शोधण्याची एक सरळ रीत आहे. ती या किनाऱ्यावर नीट शिकवली गेली, तर पुष्कळ मासे आणि पुष्कळ पैसे वाचतील. रीत समजायला एकच गोष्ट पक्की धरावी लागते. यंत्र थंडी तयार करत नाही. ते पाण्यातली उष्णता काढून घेतं आणि दुसरीकडे नेऊन टाकतं. बर्फ धरत नसेल तर ती उष्णता वाटेत कुठेतरी अडली आहे. कुठे अडली, ते सापडलं की निम्मी दुरुस्ती झाली.

आधी मीठ, मग बर्फ

बर्फ या किनाऱ्यावर उशिरा आला. त्याआधी मासा टिकवायचा तो मिठाने आणि उन्हाने. खारवलेला बांगडा, सुकवलेला बोंबील, सुकट, सोडे यांनी पावसाळ्यातली ताटं भरत. मीठही घरचंच होतं. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली झालेला सत्याग्रह महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्यातली मोठी घटना मानला जातो.

बर्फ हा सुरुवातीला श्रीमंतांचा शौक होता. १८३३ साली बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने ‘टस्कनी’ जहाजातून अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कलकत्त्याला धाडला. सुमारे १८० टन निघाला, चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरेक टन पोहोचला. पाठोपाठ मुंबईलाही तो येऊ लागला. १८७०च्या दशकात जर्मनीत कार्ल फॉन लिंडे याने अमोनियावर चालणारं यंत्र यशस्वी केलं आणि उष्ण देशांत जागेवरच बर्फ पाडणं सोपं झालं. आज मासेमारी बंदरांवरच्या लादी बर्फाच्या कारखान्यांत चालणारं यंत्र मूळ तत्त्वाने तेच आहे. १९५८ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिकसारख्या कंपन्यांनी असे अमोनिया कॉम्प्रेसर देशातच बनवले, त्यामुळे हे तंत्र छोट्या बंदरांच्याही आवाक्यात आलं.

मिठाचं काम मात्र संपलं नाही. पूर्वी ते माशाला लावत, आता ते टाकीत असतं. मिठाचं पाणी शून्याखालीही गोठत नाही, म्हणूनच ते डब्यातल्या गोड्या पाण्याला गोठवू शकतं. या खाऱ्या पाण्याला कारखान्यात ब्राइन म्हणतात. पुढच्या बिघाडांपैकी बरेच या ब्राइनभोवतीच फिरतात.

उष्णतेचा प्रवास

विहिरीतून ३० अंशांचं पाणी डब्यात भरलं. त्यातल्या प्रत्येक किलोला शून्य अंशावर आणायला ३० किलोकॅलरी काढाव्या लागतात. शून्य अंशाच्या पाण्याचं शून्य अंशाच्याच बर्फात रूपांतर करायला आणखी ८० लागतात. तापमान एका अंशानेही न उतरता या ८० किलोकॅलरी काढाव्या लागतात, आणि खरा वेळ व खरी वीज तिथेच जाते. बर्फ उणे आठ-दहापर्यंत नेण्याची चार-पाच धरली, तर किलोमागे जवळपास ११५ होतात. टनाला हजारपट. उष्ण प्रदेशात सुस्थितीतला कारखाना एका टन लादी बर्फाला साधारण ५५ ते ७० युनिट वीज घेतो. त्याहून फार जास्त लागत असेल, तर बर्फ अजून पडत असला तरी बिघाड सुरू झालेला आहे.

ही उष्णता डब्याच्या पत्र्यातून ब्राइनमध्ये जाते. ब्राइन उणे ८ ते उणे १० अंशांवर राखलेलं असतं आणि ॲजिटेटर नावाचा पंखा ते सतत फिरवत असतो. ब्राइनमधून ती पोलादी कॉइलमध्ये शिरते. कॉइलमध्ये द्रवरूप अमोनिया असतो. उघड्या हवेत तो उणे ३३ अंशांनाच उकळतो, कॉइलमध्ये थोड्या दाबाखाली उणे १५च्या आसपास. माठाच्या अंगावर पाझरलेलं पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, तसाच हा अमोनिया उकळताना ब्राइनची उष्णता घेतो. वाफ झालेला अमोनिया कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि जोराने दाबतो. दाबलेला, तापलेला गॅस कंडेन्सरमध्ये जातो. तिथे नळ्यांवर पाणी पडत असतं. त्या पाण्याला उष्णता देऊन अमोनिया पुन्हा द्रव होतो, रिसीव्हरमध्ये साठतो, एक्स्पान्शन वॉल्व्हच्या अरुंद वाटेने परत कॉइलमध्ये येतो. कंडेन्सरचं पाणी ती उष्णता हवेत सोडून देतं.

डबा, ब्राइन, कॉइल, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाणी, हवा. एवढ्या सात मुक्कामांपैकी एकावर जरी उष्णता अडली, तरी लादीच्या पोटात पाणी राहतं.

लादीची जाडीही यात मोठी भूमिका बजावते. गोठायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ब्राइन उणे १० अंशांवर असताना ८ इंच जाडीच्या लादीला सुमारे २५ तास पुरतात, ११ इंच जाडीच्या लादीला ४७ लागतात. आणि ब्राइन उणे १० वरून उणे ५ वर चढलं, तर प्रत्येक लादीला दुप्पट वेळ. मालकाला वाटतं यंत्र बंद पडलं. खरं तर ते चालू असतं, फक्त दुपटीने मागे पडलेलं असतं.

‘गॅस कमी झालाय’

बर्फ धरेना झाला की पहिलं निदान बहुतेक ठिकाणी हेच असतं: गॅस कमी झालाय. सिलिंडर मागवतात, अमोनिया भरतात. कधी दोन दिवस बरं चालतं, कधी तेवढंही नाही.

अमोनिया खर्च होत नाही. तो बंद चक्रात फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी बाहेर गेलेला आहे, आणि ती जागा शोधल्याशिवाय भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार. तो खरोखर कमी आहे का, हेही आधी पाहता येतं. रिसीव्हरच्या काचेत द्रवाची पातळी खाली गेलेली असते, आणि एक्स्पान्शन वॉल्व्हमधून द्रवाऐवजी गॅस जात असल्याने सतत फुसफुस ऐकू येते. या दोन्ही खुणा नसतील, तर सिलिंडर परत पाठवावा आणि यंत्राच्या दोन दाबमापकांकडे वळावं.

एक सक्शनचा दाब दाखवतो, म्हणजे कॉइलची बाजू. दुसरा डिस्चार्जचा, म्हणजे कंडेन्सरची. अमोनियाचा दाब आणि त्याचं उकळण्याचं तापमान एकमेकांना बांधलेले आहेत. सक्शन दर चौरस इंचाला २० पौंडांच्या आसपास असेल तर कॉइलमध्ये अमोनिया उणे १५ अंशांना उकळतो आहे. डिस्चार्ज १८० पौंड असेल तर तो कंडेन्सरमध्ये ३५ अंशांना द्रव होतो आहे, २१० असेल तर ४० अंशांना. म्हणजे दाब मोजणारे हे दोन काटे यंत्राच्या आतलं तापमानही सांगत असतात.

डिस्चार्जचा काटा वर चढला असेल, तर उष्णता कंडेन्सरपाशी अडली आहे. कारणं तीन. पहिलं, पाणी कमी: पंप थकला, फवारे तुंबले, कूलिंग टॉवरची जाळी शेवाळली. दुसरं, नळ्यांवर क्षारांचा थर. किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्च-एप्रिलनंतर मचूळ होत जातात. त्या पाण्याची वाफ होत राहते आणि क्षार नळ्यांवर बसतात. कंडेन्सरचं तापमान एका अंशाने चढलं तरी कॉम्प्रेसरची वीज दोन ते तीन टक्क्यांनी वाढते, म्हणून हा थर आधी विजेच्या बिलात दिसतो आणि मग बर्फात.

तिसरं कारण म्हणजे यंत्रात शिरलेली हवा. हवा द्रव होत नाही, ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते. ती ओळखायची कसोटी सोपी आहे. कॉम्प्रेसर थांबवायचा, कंडेन्सरचं पाणी चालू ठेवायचं. आत येणारं आणि बाहेर पडणारं पाणी सारख्या तापमानाचं झालं की काटा वाचायचा. पाणी ३० अंशांचं असेल तर शुद्ध अमोनियाचा दाब सुमारे १५५ पौंड असला पाहिजे. काटा १७५ दाखवत असेल, तर वरचे २० पौंड हवेचे आहेत. बर्फाच्या कारखान्यात सक्शनचा दाब सहसा हवेच्या दाबाहून जास्तच असतो, त्यामुळे चालत्या यंत्रात बाहेरून हवा शिरायला फारसा वाव नसतो. ती बहुधा मागच्या दुरुस्तीच्या वेळी शिरलेली असते: कॉम्प्रेसर उघडला, पुन्हा बसवला आणि आतली हवा काढायची राहिली. अशा यंत्रात आणखी गॅस भरला तर दाब वाढतो आणि बर्फ आणखी कमी पडतो.

सक्शनचा काटा खाली गेला असेल, तर कॉइलपर्यंत उष्णता पोहोचत नाही, किंवा कॉइलपर्यंत अमोनिया पोहोचत नाही. एक्स्पान्शन वॉल्व्हच्या गाळणीत कचरा अडकतो. ॲजिटेटरचा पट्टा घसरतो आणि ब्राइन जागच्या जागी थबकतं. कॉइलमध्ये तेल साचतं. कॉम्प्रेसरचं वंगण थोडंथोडं गॅसबरोबर पुढे जात असतं. अमोनियात ते मिसळत नाही, आणि द्रव अमोनियाहून जड असल्याने तळाशी बसतं. कॉइलच्या आतून तेलाचा लेप बसला की पोलाद आणि अमोनिया यांच्यात पडदा येतो. हे तेल ठरावीक दिवसांनी, माहितगार माणसाने, सुरक्षित रीतीने काढायलाच हवं.

सर्वांत जास्त फसवणारं कारण ब्राइनचं आहे. डबे काढताना-घालताना गोडं पाणी टाकीत सांडतं. गंजलेल्या डब्यातून पाझरतं. ब्राइन पातळ होत जातं. १०० किलो ब्राइनमध्ये २० किलो मीठ असेल, तर ते उणे १६ अंशांपर्यंत गोठत नाही. मीठ १२-१३ किलोंवर आलं की उणे १५ अंशांच्या कॉइलवर बर्फच चढू लागतो. डब्यात धरायचा बर्फ कॉइलला धरतो. बर्फातून उष्णता पोलादाच्या वीसेक पट कमी वेगाने जाते, त्यामुळे कॉइल जणू घोंगडी पांघरते आणि सक्शन पडतो. खूण अगदी गॅस कमी झाल्यासारखी, उपाय मात्र मिठाच्या पोत्यात. घनतामापक ब्राइनमध्ये सोडला की मिनिटभरात उत्तर मिळतं: २० टक्क्यांच्या ब्राइनची घनता पाण्याच्या १.१५ पट असते. हे साधं काचेचं उपकरण प्रत्येक टाकीच्या कठड्यावर असायला हवं.

सक्शन वर आणि डिस्चार्ज खाली, असं एकदम दिसलं तर कॉम्प्रेसरच दमला आहे. आतल्या वॉल्व्हच्या पट्ट्या तुटल्या, रिंगा झिजल्या, दाबलेला गॅस मागे येतो आणि सिलिंडरचं डोकं चटका बसेल इतकं तापतं. इथे पैसे खर्च करावेच लागतात. पण वरची सगळी कारणं तपासून झाल्यावर.

कधी दोन्ही काटे ठीक असतात, ब्राइन थंड असतं, तरी ठरावीक डबेच धरत नाहीत. त्या डब्यांना छिद्र पडलेलं असतं आणि ब्राइन आत शिरलेलं असतं. खारट पाणी गोठायला नाखूश. असे डबे रंगाने खूण करून बाजूला काढले की प्रश्न मिटतो. कधी कारण याहूनही साधं असतं. मागणी वाढली म्हणून रिकामे झालेले सगळे डबे एकाच वेळी विहिरीच्या कोमट पाण्याने भरून टाकीत सोडले जातात. ब्राइन तापतं आणि अर्धवट धरलेल्या लाद्याही मागे पडतात. रांगेरांगेने, ठरलेल्या अंतराने डबे बदलण्याची शिस्त ही यंत्राइतकीच महत्त्वाची आहे.

वासाचा इशारा

अमोनिया स्वस्त आहे, उष्णता वाहण्यात उत्तम आहे, ओझोनच्या थराला धक्का लावत नाही. तो धोकादायकही आहे. तांब्या-पितळेला तो खातो, म्हणून या कारखान्यात नळ्या पोलादी असतात, आणि घाईत बसवलेला पितळी जोड उद्याची गळती ठरतो. हवेत दहा लाख भागांत ३०० भाग अमोनिया झाला तर माणसाने तिथे थांबता कामा नये. सुदैवाने त्याच्या फार आधी त्याचा उग्र वास नाकाला झोंबतो.

बारीक गळती शोधायला जुने ऑपरेटर गंधकाची वात पेटवून जोडांजवळून फिरवतात. अमोनिया असेल तिथे दाट पांढरा धूर उठतो. ओला लाल लिटमस कागद निळा होतो. मोठी गळती झाली तर शूरपणाला जागा नाही. वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचं, मुखवटा आणि श्वसनयंत्र असल्याशिवाय आत जायचं नाही, डोळ्यांत गेलं तर किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धूत राहायचं. हवेतला अमोनिया पाण्याच्या फवाऱ्यात विरघळतो, पण जमिनीवर सांडलेल्या द्रव अमोनियावर थेट पाणी मारलं तर तो उसळून आणखी वाफ होतो. या चार गोष्टी कारखान्याच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात. बाहेरगावाहून आलेल्या कामगारांसाठी त्यांच्या भाषेतही असाव्यात.

वीज

बर्फ हा विजेचाच अवतार आहे. विजेचा दाब कमी आला की मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापते. तीनपैकी एक फेज गेली आणि संरक्षक यंत्रणा नसली तर जळते. ऐन हंगामात जळलेली मोटर गुंडाळून येईपर्यंतचे दिवस परत मिळत नाहीत. फेज गेल्यावर मोटर आपोआप बंद करणारं उपकरण मोटर गुंडाळण्याच्या खर्चापुढे स्वस्तच पडतं.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ या किनाऱ्याला घासून गेलं. विजेचे खांब आडवे झाले, अनेक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. वीज गेल्यावर लादी बर्फाच्या कारखान्याचा एक गुण कळतो. टनावारी थंड ब्राइन आणि त्यात बुडालेल्या लाद्या हा स्वतःच थंडीचा साठा असतो. टाकीचं लाकडी झाकण आणि भिंतींतलं उष्णतारोधक अस्तर चांगलं असेल, तर काही तासांची वीजकपात बर्फ सहज सोसतो. झाकणं कुजली असतील, अस्तर ओलं झालं असेल, तर वीज असतानाही हा साठा रात्रंदिवस गळत असतो.

हॉटेलातलं छोटं यंत्र

तारकर्ली, देवबाग, वायरी इथे पर्यटन वाढलं तसं हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत चौकोनी खडे पाडणारी छोटी यंत्रं आली. तिथेही नियम तोच, वाट फक्त लहान. आधी पाणी पाहावं: नळ, गाळणी, तरंगता वॉल्व्ह. मग पेटी भरल्याची खूण देणारा सेन्सर. तो मळला तर रिकामी पेटीही त्याला भरलेली वाटते आणि यंत्र थांबतं. मग कंडेन्सरच्या पातळ पत्र्या. शेगडीचं तेलकट धुकं आणि समुद्राची खारी हवा मिळून त्यांच्यावर असा लेप बसवतात की पंखा फिरत असूनही हवा आरपार जात नाही. यंत्र शेगडीशेजारी, भिंतीला चिकटवून ठेवलेलं असेल तर कंपनीने सांगितलेला बर्फ कधीच पडणार नाही, कारण ती क्षमता ठरावीक हवेच्या आणि ठरावीक पाण्याच्या तापमानालाच खरी असते. खडे तयार होऊन ताटलीला चिकटून बसत असतील, तर ताटलीवर क्षार बसले आहेत. ते त्या धातूला चालणाऱ्या द्रावणानेच काढावेत. खरवडलेली ताटली पुन्हा गुळगुळीत होत नाही.

हा बर्फ पेल्यात जातो आणि लादीचा बर्फ माशांवर. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा, असा नियम महाराष्ट्रात जून २०१८ पासून आहे. तो बंदरापासून रसवंतीपर्यंत सर्वत्र पाळला जावा, ही आरोग्याची साधी गरज आहे.

तोटा कोणाच्या पदरात

३० अंशांचा एक किलो मासा शून्यावर आणायला हिशोबाने एक तृतीयांश किलोहूनही कमी बर्फ पुरतो. तरी आपल्या हवेत माशाइतकाच बर्फ वापरावा असं सांगतात, कारण उरलेला बर्फ पेटीत बाहेरून शिरणाऱ्या उन्हाशी झगडत असतो. तो मिळाला नाही तर पहिला बळी बांगड्याचा. बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं ठणकतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून किंवा उकळून जात नाही. त्यावर उपाय एकच: पाण्यातून काढल्या क्षणापासून थंडी.

पैशाचा हिशोब याहून कठोर आहे. रापणीची जाळी गावाने मिळून ओढायची असते आणि घबाड लागलं तर ते एका दमात वाळूवर येतं. हाताशी बर्फ असेल तर रापणकरी संध्याकाळच्या भावाची, दुसऱ्या बाजाराची वाट पाहू शकतो. बर्फ नसेल तर लिलावात पहिला बोल लावणारा सांगेल तो भाव. टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईला दुपार चढत जाते तसा भाव उतरवावा लागतो. पर्ससीन जाळ्यांनी मासे पकडणारे आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या वादावरून या किनाऱ्याने आंदोलनं केली. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंधांचा आदेश काढला. समुद्रातल्या वाट्याबद्दलचा तो लढा रास्त आहे. किनाऱ्यावर आल्यानंतरचा वाटा बर्फाने ठरतो, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. मोठ्या व्यापाऱ्याचा ट्रक बर्फ दुसऱ्या बंदरातून आणू शकतो. छोट्या होडीवाल्याला जवळचा कारखाना हाच एकमेव आधार. कारखान्याचा कंडेन्सर तुंबला की गरिबाची घासाघीस करण्याची ताकद आधी संपते.

जून-जुलै

सरकारने पैसा दिला नाही असं नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फ कारखाने आणि शीतगृहांना ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला. यातून नवी यंत्रं उभी राहतील. ती चालती ठेवणाऱ्या माणसासाठी मात्र कोणत्याच फाईलमध्ये रकाना नाही.

तो ऑपरेटर रात्रपाळीला असतो, काटे वाचतो, वॉल्व्ह फिरवतो, गळतीच्या वेळी सगळ्यांत जवळ असतो. बहुतेकदा तो आधीच्या ऑपरेटरच्या हाताखाली पाहूनच शिकलेला असतो. त्या शिकण्याला मोल आहे, पण दाब आणि तापमानाचं कोष्टक त्याला कोणी हातात दिलेलं नसतं. त्यामुळे खूण दिसते आणि कारण दिसत नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्यातून बाहेर पडणारा मुलगा बहुधा घरांतल्या एसी-फ्रिजच्या दुरुस्तीकडे वळतो. अमोनियाच्या कारखान्यात उमेदवारी करायला त्याला कोणी बोलावत नाही.

एक नोंदवही, एक घनतामापक आणि दाब-तापमानाचं मराठी कोष्टक एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. दर चार तासांनी सक्शन, डिस्चार्ज, ब्राइनचं तापमान, कंडेन्सरचं पाणी आत-बाहेर आणि विजेचा आकडा लिहायचा. ही वही सांभाळली तर बर्फ धरेनासा होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डिस्चार्जचा आकडा हळूहळू चढताना दिसतो. तेव्हा नळ्या घासायला अर्धा दिवस पुरतो. ऐन हंगामाच्या गर्दीत तेच काम तीन दिवसांचं नुकसान करतं.

आणि बंदीचे दोन महिने आहेतच. नौका वर काढून तिला डांबर, रंग लावण्याची शिस्त आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळतो. तीच कारखान्याला लावावी: कॉइल उघड्या पाडून घासणं, तेल काढणं, डब्यांची गळती तपासणं, झाकणं बदलणं, सुरक्षा वॉल्व्हची चाचणी. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत, रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्यमहाविद्यालय आहे. जून-जुलैत उघडलेला प्रत्येक कारखाना या मुलांसाठी आयती प्रयोगशाळा आहे. मच्छीमार सहकारी संस्था, कारखानदार आणि या संस्थांनी मिळून दरवर्षी एक पंधरवडा ठरवला, मुलांनी यंत्र आतून पाहिलं आणि ऑपरेटरांनी त्यांना आपली जाण दिली, तर दोघांचंही शिक्षण होईल. पुढच्या ऑगस्टमध्ये सिलिंडर मागवण्याआधी कुणीतरी काटे वाचेल, ब्राइनमध्ये घनतामापक सोडेल. छोट्या होडीला तिच्या वाट्याचा बर्फ वेळेवर मिळवून देण्याचा याहून स्वस्त मार्ग या किनाऱ्यापुढे नाही.